घासून न जाणारा रंग

साहेबांनी माझ्या टेबलावर तीन डबे ठेवले आणि म्हणाले, "यातला कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. पण एकच सांगा. मागच्यासारखं 'हाही बरा, तोही बरा' नको."

तिन्ही डबे मार्किंग स्प्रेचे होते. आमचं काम साधं सांगायचं तर असं, की रस्ता खोदण्याआधी त्याच्या पोटात काय काय आहे ते शोधायचं आणि वरून रंगाने आखून ठेवायचं. विजेची केबल तांबडी, पाण्याची लाइन निळी, ड्रेनेज हिरवी. खोदणारे येतात ते आमच्या रेघा बघून हात चालवतात. मी सिव्हिल इंजिनीअर आहे. पुण्यात इतकी वर्षं काम केलं, पण माझ्या हातून एकही इमारत उभी राहिलेली नाही. मी रेघा मारते. त्या महिनाभरात खोदल्या जातात किंवा डांबराखाली जातात, आणि तसंच व्हायला हवं असतं.

आम्ही नेहमी वापरायचो तो रंग बाजारात मिळेनासा झाला होता. म्हणून हे तीन नमुने. एक मधल्या किमतीचा, एक अगदी स्वस्त आणि एक महाग. महागाच्या अंगावर लिहिलं होतं, ओल्या जमिनीवरही बसतो. स्वस्ताच्या अंगावर बरंच काही लिहिलं होतं.

हडपसरला आमच्या ऑफिसमागे एक मोकळी जागा आहे. तिथे थोडं डांबर, थोडं सिमेंट, थोडे पेव्हर ब्लॉक आणि उरलेली माती आहे. तिथे मी आणि माझा सहकारी, अशा दोघांनी रंग तपासायला घेतले. हा सहकारी केबल शोधायचं मशीन चालवतो. हडपसरच्याही पलीकडच्या गावातला आहे. आम्ही कित्येक वर्षं एकत्र फिरतोय; तो मशीन फिरवत पुढे जातो आणि मी मागून रेघ मारत जाते.

साधा स्प्रे उलटा धरला की नुसता वायू सुटतो. मार्किंगचा डबा मात्र उलटाच धरायचा असतो, तोंड जमिनीकडे करून. चालता चालता दाबायचा. हात स्थिर लागतो आणि कंबर सोसणारी लागते. स्वस्त डब्याने पहिली रेघ झकास मारली, दुसरी फिकट, आणि मग तो फुरफुरायला लागला. हलवून पाहिला तर आत रंग खळखळत होता. वायू संपला होता. मी तो डबा वजनकाट्यावर ठेवला. चांगला जड लागला.

"ह्यो तर निम्मा भरलेला हाय," सहकारी म्हणाला.

"हो. पण निघत नाही."

"मग सस्ता कसला?"

हे मी तसंच टिपून घेतलं. डब्याची किंमत बघायची नसते, एका डब्यात रेघ किती लांब जाते ते बघायचं असतं. मधला डबा शेवटपर्यंत सरळ चालला, फक्त थोडा वेळ ठेवला की त्याचं तोंड चोंदायचं आणि सुईने साफ करावं लागायचं. महागाचं काहीच वाकडं नव्हतं. सिमेंटवर बादलीभर पाणी ओतून लगेच मारला तरी तो बसला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टेम्पोने त्यावरून ये-जा केली. रेघ जशीच्या तशी.

खरं म्हणजे निकाल तिथेच लागला होता. पण ऑफिसच्या मागची जागा म्हणजे रस्ता नव्हे. तिथे कुणी सडा घालत नाही, भाजीची गाडी लावत नाही. त्याच आठवड्यात आम्हाला कसबा पेठेतल्या एका बोळात पाण्याच्या नव्या लाइनसाठी आखणी करायची होती. मी तिन्ही प्रकारचे नवे डबे बरोबर घेतले आणि बोळाचे तीन भाग पाडले. सुरुवातीला स्वस्त, मध्ये मधला, शेवटच्या टोकाला महाग. प्रत्येक भागात त्या त्या रंगाने आखायचं आणि खोदाई सुरू होईपर्यंत रोज येऊन बघायचं, असं ठरवलं.

बोळ एवढा अरुंद होता की समोरासमोरच्या घरांतून हात पुढे केले तर मीठ-साखर देता आली असती. सहकारी मशीन जमिनीवरून फिरवत पुढे चालला होता, मशीन कण्हल्यासारखा आवाज काढत होतं आणि आवाज चढला की मी खूण करत होते. विजेची केबल एका बाजूने सरळ जात होती आणि शेवटच्या टोकाला, एका जुन्या तीनमजली इमारतीच्या दारासमोर, अचानक तिरकी वळत होती. असं का, ते आता कुणाला सांगता येणार नाही. टाकणाऱ्यांना त्या वेळी वाटेत काहीतरी आडवं आलं असेल.

त्या दारात एक गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा, वर स्वेटर, हातात चहाची कपबशी. ऐंशीच्या आसपासचे. ते बँकेत कारकून होते आणि निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं.

"रांगोळी चाललीय का?" त्यांनी विचारलं.

"केबल आहे खाली, काका. तिची खूण करतोय."

"तुम्हाला कशी दिसली?"

"मशीनला कळते."

"बरंय. आम्ही इथे जन्म काढला, आम्हाला नाही कळली." त्यांनी बशीतला चहा संपवला. "आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं. ते "असं का" म्हणाले आणि थोडे थांबले. पेठांमधल्या दारांत हे थांबणं मी खूप वेळा ऐकलं आहे. पूर्वी मी त्याचा अर्थ लावत बसायचे. आता तेवढ्या वेळात डबा हलवून घेते. आतली गोळी खडखडते आणि दोघांनाही काहीतरी ऐकायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर सुरुवातीच्या भागातली रेघ निम्मी उडालेली होती. सड्याचं पाणी आणि दुचाक्या, एवढंच तिला पुरलं होतं. मधल्या भागातली थोडी मळकट झाली होती, पण वाचता येत होती. शेवटच्या टोकाची महागाची रेघ ठळक होती, आणि त्या तीनमजली इमारतीच्या दाराशी आली की संपत होती. दारापुढचा तुकडा कोरा होता. फरशी ओली होती आणि थिनरचा वास येत होता.

"पुसलीय," सहकारी म्हणाला. "मुद्दाम."

आम्ही पुन्हा मशीन फिरवलं, पुन्हा आखलं. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा गेलेली. या वेळी मी मुद्दाम तो तुकडा मधल्या डब्याने आखला. पुढच्या सकाळी तोही गेला होता आणि गृहस्थ दारात उभे होते, हातात तारेचा ब्रश. लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"काका, ही रेघ तुम्ही पुसता?"

"मग काय ती आपोआप जाते?" ते म्हणाले. "कालची बरी होती. रॉकेल टाकलं, दोनदा ब्रश मारला, गेली. परवाची मात्र कुठून आणलीत? हात मोडला माझा. थिनर आणावा लागला रंगवाल्याकडून."

सहकाऱ्याचा पारा चढला होता. तो म्हणाला, "अवो, तिथं करंट हाय खाली. खेळ हाय का ह्यो?"

"खेळ मी करतोय का तुम्ही?" गृहस्थ शांतपणे म्हणाले. "रोज सकाळी माझ्या दारात तांबडी रेघ. मी म्हणतो, नको. तुम्ही म्हणता, घ्या."

मी सहकाऱ्याला पुढच्या चौकातलं ड्रेनेज बघून यायला सांगितलं. तो गेला. मग मी पायरीवर बसले, कारण उभं राहून बोललं की माणसं उभ्यानेच उत्तरं देतात. थोड्या वेळाने तेही वरच्या पायरीवर टेकले.

त्यांनी जे सांगितलं ते एका दमात नाही सांगितलं. मध्येच थांबून बोळातून जाणाऱ्याला "काय, आज उशीर?" विचारायचे. त्यांचं लहानपण याच पेठेत, पण दुसऱ्या गल्लीत गेलं होतं. एके दिवशी शाळेतून आले तर घराच्या भिंतीवर तांबडी खूण होती, शेजारी आकडा. वडिलांनी आजूबाजूला विचारलं. कुणी म्हणालं मोजणी आहे, कुणी म्हणालं काही नाही, अशा खुणा करतातच. बरेच दिवस काही झालं नाही. खुणेची सवय झाली. ते भावाबरोबर त्या खुणेवर चेंडू मारायचे. मग रुंदीकरण आलं आणि रस्त्याकडची खोली गेली. खूण होती तिथपर्यंतच गेली, एक वीतही जास्त नाही. उरलेल्या घराला पुढून पत्रे ठोकून वडील आणखी काही वर्षं तिथेच राहिले. पण पुढे ते कुणाशी फारसं बोलायचे नाहीत.

"त्या वेळी कुणी पुसली नाही ती," ते म्हणाले. "पुसली असती तरी काही झालं नसतं, हे मला कळतं. मी बँकेत होतो, अगदीच अडाणी नाही. पण पुसली नाही."

मी त्यांना रंगांचा अर्थ समजावून सांगितला. तांबडी म्हणजे वीज. रुंदीकरणाशी आमचा संबंध नाही. हे काम पाण्याच्या लाइनचं, आणि केबल कुठे आहे ते माहीत नसेल तर रस्ता फोडायचा ब्रेकर चालवणारा माणूस तिच्यात घुसेल. असं झालेलं मी एकदा पाहिलं होतं, दुसऱ्या एका कंपनीच्या कामावर. माणूस वाचला, पण त्याचे हात पूर्वीसारखे झाले नाहीत. हेही मी सांगितलं. एरवी मी ते कुणाला सांगत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. "मग तिथे 'वीज' असं लिहीत का नाही?" त्यांनी विचारलं. "नुसती रेघ काय. रेघेचा अर्थ कुणीही काहीही लावेल."

आम्ही लिहीत नव्हतो, कारण लिहायला रंग जास्त जातो आणि खोदणाऱ्यांना रंगावरून कळतं. बोळात राहणाऱ्यांना काय कळतं, याचा विचार रंगाच्या हिशेबात कधी धरला नव्हता.

"उद्या खोदाई आहे," मी म्हटलं. "सकाळी ते यायच्या आत येऊन आखते, आणि 'वीज' लिहिते. तेवढी राहू द्या."

"बघू," ते म्हणाले. पुण्यात याचा अर्थ दोन्ही होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी मी स्वारगेटला अडकले. उड्डाणपुलाखाली कुठली तरी बस बंद पडली होती आणि चारही बाजूंनी वाहनं एकमेकांत घुसून बसली होती. तेवढ्यात खोदाईच्या मुकादमाचा फोन आला. त्यांना ब्रेकरची गाडी लवकर दुसऱ्या कामावर न्यायची होती म्हणून गँग ठरल्या वेळेआधीच पोचली होती.

"मॅडम, इथं एक आजोबा खुर्ची टाकून बसलेत मधोमध. उठत नाहीत. तुम्ही काही बोललात का त्यांना?"

मला वाटलं, आंदोलन. रुंदीकरणाची भीती काही गेली नाही, आता हे दिवसभर बसणार, मग शेजारी येणार, मग नगरसेवक. मी मुकादमाला म्हटलं, काहीही करू नका, मी येते. सहकारी माझ्या आधी पोचेल, त्याच्यासाठी थांबा. बस हलेना. मी दुचाकी फुटपाथवर चढवली, जे मी इतरांना करू देत नाही.

मी पोचले तेव्हा बोळात बऱ्यापैकी माणसं जमली होती. पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, त्यावर स्वेटर घातलेले गृहस्थ, मांडीवर वर्तमानपत्र. शेजारी ब्रेकर उभा करून ठेवलेला. ब्रेकर धरायला आलेला माणूस पायरीवर बसून त्यांनीच दिलेला चहा पीत होता.

"आलात," ते मला म्हणाले. "बघा. काल मी पुसून ठेवली होती ती तांबडी. आता हे म्हणतात इथे काही खूण नाही, इथून फोडतो. मी म्हटलं, खूण होती. रोज मी घासलीय, मला नाही तर कुणाला माहीत असणार? या दगडापासून निघायची, आणि इथे वळायची." त्यांनी पायाने दाखवलं. "यांना पटेना. म्हटलं मग बसतो. आता फोडा."

मुकादम कसनुसं हसला. "आम्हाला काय माहीत मॅडम, म्हातारा माणूस..."

सहकाऱ्याने मशीन सुरू केलं. खुर्चीपासून लांब होतं तेव्हा ते बारीक कण्हत होतं. जवळ गेलं तसा आवाज चढत गेला. खुर्चीच्या पुढच्या पायांपाशी तो सगळ्यात वर गेला आणि मागे सरकताच उतरला. सहकाऱ्याने दोनदा फिरवून बघितलं. मग गृहस्थांकडे पाहून म्हणाला, "काका, तुमी केबलवरच बसलाय."

"मग मी काय सांगतोय मघापासून?"

ब्रेकर जिथे लावला होता, ती जागा खुर्चीपासून हातभरावर होती. मी ती बघितली आणि मग पायरीवर चहा पिणाऱ्या माणसाकडे बघितलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो बिस्किट बुडवत होता. मी डबा काढला आणि तो बराच वेळ हलवत राहिले.

त्यांना मी उठायची विनंती केली. ते उठले, स्वतःच खुर्ची बाजूला घेतली आणि मी आखत असताना वरून बघत उभे राहिले. रेघ मारून झाल्यावर मी तिच्या शेजारी मोठ्या अक्षरांत 'वीज' लिहिलं. त्यातला ज नीट आला नाही.

"काना राहिला वाटतं," ते म्हणाले.

"वीजला काना नसतो, काका."

"नसतो, बरोबर." ते थोडे ओशाळले असावेत. पण लगेच म्हणाले, "लांबून काहीतरी राहिल्यासारखं दिसतं खरं."

तो तुकडा ब्रेकर न लावता हाताने खोदला. केबल निघाली. कधीकाळी तिच्यावर ठेवलेल्या विटा भुगा झाल्या होत्या आणि तिच्यावरचं कवच एका जागी आधीच दुखावलेलं होतं. मुकादमाने ती बघितली आणि पुढचं सगळं बोलणं हळू आवाजात केलं.

साहेबांना मी अहवाल दिला. स्वस्त रंग घेऊ नये, त्यातला बराचसा डब्यातच राहतो. मोठ्या रस्त्यांसाठी महाग घ्यावा. पेठांमधल्या बोळांसाठी मधला घ्यावा, कारण तो काम होईपर्यंत टिकतो आणि काम झाल्यावर लोकांना आपल्या दारातून काढून टाकता येतो. आणि रेघेशेजारी अक्षरात लिहावं.

"मी एकच सांगा म्हटलं होतं," साहेब म्हणाले.

"हो. पण रस्ते दोन प्रकारचे आहेत."

त्यांनी दोन्ही मागवले. लिहिण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून मी लिहायला सुरुवात केली.

बोळातलं काम संपून सिमेंट झालं, तेव्हा शेवटचं बघायला म्हणून मी गेले. गृहस्थ दारातच होते. त्यांनी मला आत बोलावलं. त्यांच्या पत्नीला हल्ली दिसत कमी होतं. घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिन्याच्या पायऱ्या काळ्या कडाप्प्याच्या, वर एकच दिवा. कुठली पायरी कुठे संपते ते त्यांना कळत नसे, म्हणून त्यांनी खाली उतरणंच सोडलं होतं.

"तुमच्याकडचा तो न जाणारा आहे का?" त्यांनी विचारलं. "पायऱ्यांच्या कडांना मारायला."

गाडीत महागाचे वेगवेगळे रंग होते. मी आधी वर्तमानपत्रावर एकेक पट्टी मारून ते कागद जिन्यात अंथरले. काकू वरून, कठड्याला धरून, बघत उभ्या राहिल्या. तांबडी त्यांना दिसलीच नाही. निळी काळ्यात मिसळली. पिवळीकडे त्यांनी बोट दाखवलं. "ही दिसते," त्या म्हणाल्या. "हिच्यापुढे काही नाही, हे कळतं."

मी वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी रेघ मारली. वासाने शेजारचे दार उघडून बघून गेले. वाळल्यावर त्या एकट्या उतरल्या, दारापर्यंत आल्या आणि बोळ बघत उभ्या राहिल्या. "सिमेंट केलं का," एवढंच म्हणाल्या.

काही महिन्यांनी गृहस्थांचा फोन आला. "अहो बाई, तुमचा तो न जाणारा रंग गेला."

मी जाऊन बघितलं. कडाप्पा वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. त्याला रंग धरून राहायला जागाच नव्हती. पायरीच्या मधोमध, जिथे पाय पडतो तिथे, पिवळा साफ निघाला होता. मी पॉलिश कागदाने कडा खरवडल्या, पुसल्या आणि पुन्हा मारल्या. असं अधूनमधून करावं लागेल, म्हणून सांगितलं.

"म्हणजे दरवेळी तुम्हाला बोलवायचं?"

"डबा ठेवून जाते. सोपं आहे, उलटा धरायचा."

त्यांनी डबा हातात घेऊन बघितला आणि मला परत दिला. "नको. माझी रेघ सरळ यायची नाही," ते म्हणाले. "तुम्हीच येत जा. येताना फोन करा, म्हणजे ही चहा टाकेल."